घरात त्याला नागीण म्हणतात

त्या वर्षी दहावीची परीक्षा चालू असताना मला ताप आला. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मार्च महिन्यात शिक्षकाने आजारी पडायचं नसतं, म्हणून गोळी घेऊन पर्यवेक्षणाला गेले. पेपर सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की मला बसता येत नाहीये. जांघेत अवधाणाची गाठ आली होती, लघवीला आग होत होती, आणि खाली काहीतरी असं सोललं गेल्यासारखं दुखत होतं की साडीचा स्पर्शही नको वाटत होता. पोरं मान खाली घालून लिहीत होती आणि मी भिंतीला पाठ टेकून उभी होते. एका मुलीने पुरवणी मागितली. तिच्या बाकापर्यंत जाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वर बघितलं आणि घाबरून विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

घरी सासूबाईंना मी उन्हाळी लागलीय एवढंच सांगितलं. त्यांनी धणे-जिरे भिजत घातले. आमचं घर भाट्याच्या पुलापलीकडे आहे. घरात तेव्हा आम्ही तिघीच, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि मी. नवरा जहाजावर, इंजिनाच्या खात्यात. वर्षातले आठ-नऊ महिने तो समुद्रावर असतो. तेव्हा त्याला जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता.

धणे-जिऱ्याने काही झालं नाही. दोन दिवसांनी मला लघवीला जायचीच भीती वाटायला लागली. मी पाणी प्यायचं सोडलं, त्याने आग आणखी वाढली. शेवटी मारुती मंदिराजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुलीच्या वेळचं माझं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. वयस्कर बाई, बोलायला तुटक, पण हात हलका.

त्यांनी तपासलं, हातमोजे काढले, हात धुतले आणि मग विचारलं, "मिस्टर कुठे असतात?"

"जहाजावर."

"गेले कधी?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे हर्पिस आहे. गुप्तांगाचं. जिवाला धोका नाही, आधी ते डोक्यातून काढा. पण एकदा अंगात शिरलं की जात नाही. नसांत जाऊन बसतं आणि मधूनमधून वर येतं. पहिली वेळ सगळ्यात वाईट असते. पुढे कमी होत जातं."

मला एकच प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारला. "कुठून आलं?"

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच काय, कुणालाच येणार नाही. काही लोकांच्या अंगात वर्षानुवर्षं असतं आणि त्यांना एक फोडही येत नाही. तुम्हाला आत्ता मिळालं, की लग्नानंतर लगेच मिळून आज वर आलं, हे कळायला मार्ग नाही." मग विचारलं, "दोघांपैकी कुणाला ओठावर ताप निघतो का, फोड येतात तसा?"

"ह्यांना निघतो. लहानपणापासून. सासूबाईंनाही निघतो."

"तो ह्याचाच भाऊ. तोंडातून तिकडे जातो."

मी विज्ञानाची पदवीधर, चाळिशी ओलांडलेली बाई, कानापर्यंत लाल झाले. तपासणी करता येईल, त्या म्हणाल्या. कुठला प्रकार आहे एवढं कळेल, कुणी दिलं ते कळणार नाही. मी नको म्हटलं. पुढेही कधी केली नाही. ओठाच्या जातीचं निघालं असतं तरी माझं समाधान झालं नसतं, आणि दुसऱ्या जातीचं निघालं असतं तर मला झोप लागली नसती. हे मी त्या खुर्चीत बसूनच ओळखलं.

औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचून दुकानदार सहज म्हणाला, "नागीण झालीय का कुणाला?" नागिणीला आणि ह्याला गोळ्या एकच असतात, हे मला तेव्हा कळलं. मी मान हलवली. घरी आले तर सासूबाई ओटीवरच बसल्या होत्या.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

दुसरं काही सुचेना. तोंडातून खरं तेच निघालं. "हर्पिस म्हणाल्या."

त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नागीणच ती. शेजारच्या भाऊंना झालेली, तेव्हा डाक्टर हाच शब्द बोललेला. खय हाय, पाठीला?"

"कंबरेच्या खाली."

"मग सांगत नाय ती आधी? धने-जिरे काय पाजत बसले मी!" त्या उठल्याच. "तोंडाला तोंड मिळायच्या आधी काव लावाया होवी गो."

अशी ती आमच्या घरात नागीण झाली आणि आजपर्यंत नागीणच आहे.

दुसऱ्या दिवशी त्या मला रिक्षाने पावसच्या रस्त्याला एका वाडीत घेऊन गेल्या. नागीण उतरवणारे एक म्हातारे गृहस्थ तिथे राहत. रिक्षाचा प्रत्येक हादरा मला आतून कळत होता. मी दोन्ही हातांनी सीटची कड धरून अर्धी उभीच राहिले, आणि सासूबाई रिक्षावाल्याला ओरडत होत्या, "सावकास रे, सुनेला नागीण झालीय!" दुखणं रत्नागिरीभर जाहीर झालं. मला लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटलं. नागीण झालेल्या बाईकडे लोक कळवळून बघतात.

म्हाताऱ्यांनी दाखवायला सांगितलं. सासूबाईंनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्यांनी मान वळवली, दुसरीकडे बघत काहीतरी पुटपुटले आणि कावेची, म्हणजे गेरूची, पुडी दिली. दुर्वांच्या रसात कालवून लावायची, लावताना कुणाला शिवायचं नाही. घरी मी ती कंबरेवर जिथे काहीच नव्हतं तिथे लावली, सासूबाईंना लाल रंग दिसावा म्हणून. खरी जागा गोळ्यांवर सोडली. आठवड्याने फोड सुकले. सासूबाईंनी वाडीच्या दिशेने हात जोडले आणि गणपतीपुळ्याला नवस बोलून टाकला की सून पुरती बरी झाली तर मुलगा आल्यावर सगळे येऊन डोंगराला प्रदक्षिणा घालू.

नवऱ्याला मी फोनवर सांगितलं. जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून होतं, त्यामुळे आवाज स्वच्छ येत होता. मी शाळेच्या मागच्या बाजूला, प्रयोगशाळेच्या भिंतीशी उभी होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेवढंच सांगितलं, पाठ केल्यासारखं.  मग त्याने विचारलं, "तुला कसं काय झालं?"

मी फोन बंद केला. तो "आपल्याला" म्हणाला असता तरी चाललं असतं. निदान "हे कसं झालं" म्हणाला असता.

नंतर जहाज सुटलं आणि कित्येक दिवस त्याचा फोन लागला नाही. पुढच्या बंदरावरून त्याचा मेसेज आला: मी काही केलेलं नाही. मी उत्तर लिहीत होते, पुसत होते. शेवटी पाठवलं: गोळ्या चालू आहेत.

तो उन्हाळा मी कसा काढला ते आता नीट आठवत नाही. ज्या गोष्टी केल्या त्या आठवतात. लघवीला जाताना कोमट पाण्याचा तांब्या बरोबर न्यायचा आणि ओतत राहायचं, म्हणजे आग कमी होते. हे मला डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. सुती, सैल कपडे. टॉवेल वेगळा. तो दोरीवर कडेला, मुलीच्या हाताला लागणार नाही असा. टॉवेलने सहसा पसरत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तरी मी वेगळाच ठेवला. फोड यायच्या आदल्या दिवशी मांडीतून मुंग्या येतात, ते ओळखायला शिकले. त्या आल्या की गोळ्या सुरू करायच्या. आंबे काढायच्या दिवसांत एकदा आलं, शाळा उघडल्यावर एकदा, गणपतीच्या आधी घर सारवून-पुसून झाल्यावर एकदा. दमले की यायचं, आणि आल्यामुळे मी दमायचे.

शरीराचं असं होतं. मनाचं वेगळंच चालू होतं. मी भात ढवळताना हिशेब मांडायचे. तो कुठल्या बंदरावर कधी होता, कुणाबरोबर उतरला, फोटोत शेजारी कोण होतं. मग त्याच्या ओठावरचे फोड आठवायचे. दर सुट्टीत पहिल्या आठवड्यात निघायचे, आणि सासूबाई त्यावर तूप लावायच्या. त्याला लहानपणी ते सासूबाईंकडूनच आलं असणार. मांडीवर घेऊन त्याचे पापे घेताना. तसं असेल तर माझं दुखणं ह्या घरातूनच, ह्या ओटीवरूनच आलंय, आणि ज्या बाईने मला रिक्षात घालून वाडीला नेलं तिच्याच मायेतून आलंय. हे मी कुणाला सांगणार होते? आणि हे खरं मानलं तरी संध्याकाळी पुन्हा बंदरांचा हिशेब सुरू व्हायचा. काही दिवसांनी मला त्या हिशेबाचाच कंटाळा आला.

दहावीच्या पुस्तकात लैंगिक रोगांचा उतारा आहे. त्यात दोन रोगांची नावं येतात, माझ्याचं येत नाही. त्या वर्षी तो शिकवताना मागच्या बाकावरचे मुलगे एकमेकांना कोपर मारून हसले. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी म्हटलं, "हसून घ्या. मग लिहा." आणि फळ्याकडे वळले.

दिवाळी झाल्यावर नवरा आला. नेहमीसारखी बॅग, मुलीला बूट, आईला शाल, सगळं तेच. माझ्यासाठी आणलेलं अत्तर त्याने माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं. आम्ही एका खोलीत झोपत होतो आणि मधे पाय ठेवायला जागा होती. सासूबाईंना फक्त नवसाची घाई.

पुळ्याला जायच्या दिवशी सकाळीच मला मुंग्या जाणवल्या. मी काही बोलले नाही. नागीण जावी म्हणून बोललेला नवस फेडायला नागिणीमुळेच येत नाही, हे सासूबाईंना कसं समजावणार? आरे-वारेच्या रस्त्याने गाडी वळणं घेत चालली होती. मुलीने खिडकी उघडली, सासूबाईंनी बंद करायला लावली, तिने परत उघडली. दर्शन झालं. मग प्रदक्षिणा सुरू झाली. तिथे देवळाला नाही, अख्ख्या डोंगराला प्रदक्षिणा घालावी लागते. सासूबाई नऊवारीचा काचा आवरून नातीचा हात धरून पुढे निघाल्या. मी अर्ध्यावर पोचले आणि पुढे पाऊल टाकवेना. वाटेच्या कडेच्या चिऱ्याच्या कठड्याला हात लावून उभी राहिले.

नवरा मागे वळला. "काय होतंय?"

"काही नाही. आलंय परत."

"इथे? आत्ता?"

"त्याची वेळ मी ठरवत नाही."

तो माझ्याशेजारी कठड्यावर बसला. एक कुटुंब आमच्या बाजूने "मोरया" म्हणत पुढे गेलं. ते लांब गेल्यावर तो म्हणाला, "तू मला विचारत का नाहीस?"

"काय विचारू?"

"जे मनात आहे ते."

"विचारून झालंय. तुम्ही काय सांगाल तेही ऐकून झालंय. रोज होतं ते, भात होईपर्यंत."

"मी नाही काही केलं. देवाच्या दारात सांगतोय."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे मला तुमच्यावर विश्वासही ठेवता येत नाही आणि संशयही नेटाने घेता येत नाही. मी दमले."

तो पायाने वाटेवरचे खडे एका बाजूला करत राहिला. मग खाली बघतच, अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि तू?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू आलं. म्हणजे हा माणूस समुद्राच्या मध्यात, इंजिनाच्या उकाड्यात, माझ्यासारखाच हिशेब मांडत होता. शाळेतले कोण सर, शेजारचं कोण, मी कुठे गेले होते. इतके महिने मला हे एकदाही सुचलं नव्हतं. दुखणं माझ्या अंगावर होतं, म्हणून सगळं दुःख मला एकटीलाच मिळालंय असं मी धरून चालले होते.

"सकाळी डबे, मग शाळा, मग आईंची औषधं, पोरीचा अभ्यास," मी म्हटलं. "ह्यात कुठे वेळ सापडत असेल तर मलाही दाखवा."

तोही हसला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने रुमाल काढला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ ठेवला माहीत नाही. समजूत काढण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

सासूबाई फेरी पुरी करून उलट्या वाटेने आम्हाला शोधत आल्या. "काय गो, बसलात काय हितं? काय झाला ह्येला?"

"डोळ्यात काहीतरी गेलं," नवरा म्हणाला.

"आणि तुला?"

"माझी नागीण, आई. परत डोकं वर काढलंन."

त्या देवळाच्या दिशेला वळून बघत राहिल्या. देवाने फसवल्यासारख्या. मग म्हणाल्या, "ऱ्हांदे. तुझी अर्धी मी घातली. त्येला काय, मोजतोय काय तो?" आणि माझा हात धरून मला हळूहळू गाडीपर्यंत नेलं.

त्या दिवसाने काही सुटलं नाही. पण निदान घरात ते दोघांचं झालं. सुट्टी संपायच्या आधी नवरा स्वतःहून डॉक्टरीणबाईंकडे माझ्याबरोबर आला, मान खाली घालून सगळं ऐकलं, आणि निरोधबद्दल विचारताना शाळेतल्या मुलासारखा अडखळला. मुंग्या आल्या की लांब राहायचं, ओठावर फोड असतील तेव्हाही लांब राहायचं, गोळ्या घरात शिल्लक ठेवायच्या. ह्या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली की मी "आज नको" म्हणायला लागले. आधी कधी म्हटलं नव्हतं. वर्षातून तीन महिने घरी येणाऱ्या माणसाला काय नको म्हणायचं, असं वाटायचं. आता म्हणते, आणि तो "बरं" म्हणून कूस बदलतो. कधी खरंच मुंग्या असतात, कधी नुसतीच दमलेली असते. तो विचारत नाही.

संशय गेला का? नाही. तो गुडघेदुखीसारखा आहे. हवा बदलली की कळतो. एखाद्या फोटोत, एखाद्या उशिरा लागलेल्या फोनमध्ये. पण आता तो आला तरी मी त्याला चहा देत नाही, आपलं काम करत राहते. फोड वर्षातून एकदा-दोनदा येतात, कधी येतही नाहीत. मुलगी शिकायला मुंबईला गेली. सासूबाई थकल्या, तरी कुणाच्या अंगावर पुरळ दिसलं की वाडीचा पत्ता सांगतात आणि माझं उदाहरण देतात.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केला आणि मला नवीन डॉक्टर शोधावा लागला. ह्या दुखण्यात सगळ्यात जास्त कंटाळा ह्याचाच येतो, पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. साळवी स्टॉपच्या बाजूला एक तरुण डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे गेले. बाहेर गर्दी होती. त्यात माझे दोन माजी विद्यार्थी होते, त्यांतल्या एकाने उठून खुर्ची दिली. आत गेल्यावर मी सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टर लिहीत होते.

"मिस्टर काय करतात?"

"जहाजावर असतात."

"अच्छा," ते म्हणाले. मान न उचलता. पण तो "अच्छा" असा लांबवला की त्यात सगळी बंदरं आली.

हा "अच्छा" मी कितीतरी वर्षं स्वतःच म्हणत आले होते, भात ढवळताना. तरी त्यांच्या तोंडून तो ऐकल्यावर माझ्या अंगाची लाही झाली. "डॉक्टर," मी म्हटलं, "तो अच्छा राहू दे. तुम्ही त्यांना बघितलेलं नाही. आणि कुणाकडून आलं ते मला माहीत नाही, तेव्हा तुम्हालाही माहीत नाही. गोळ्या लिहून द्या."

त्यांनी वर बघितलं. विद्यार्थ्याला वर्गात उभं केल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला. "सॉरी, मॅडम," म्हणाले आणि मग नीट विचारलं. किती महिन्यांनी येतं, किती दिवस राहतं, गोळ्यांनी पोट बिघडतं का. हात हलका आहे त्यांचाही. आता मी त्यांच्याकडेच जाते.

घरी जाऊन हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याचं जहाज त्या दिवशी भर समुद्रात होतं. त्याचा फोन लागला तोपर्यंत मुलीची परीक्षा, आईंचा दमा, पाण्याच्या पंपाचं बिघडणं, इतकं काय काय साचलं होतं की त्यात ही गोष्ट राहूनच गेली.